अनुरोग्नॅथस: मुठीत मावणारा टेरोसॉर

छिन्नीवाला

आम्ही न्युर्नबर्गला राहतो. गेल्या शनिवारी लेकाला घेऊन आइखश्टेटजवळ ब्लूमेनबर्गच्या खाणीत गेलो होतो. तिथं थोडे पैसे भरले की कुणालाही दगड फोडत बसता येतं. लेक आठ वर्षांचा, डायनासोरचा ताप अंगात भरलेला, मी हमाल.

ही चुनखडी हातात घेऊन बघण्यासारखी आहे. पिवळसर, गुळगुळीत, आणि चिरोट्यासारखी पदर सुटणारी. लादी उभी धरायची, कडेवर छिन्नी अलगद टेकवायची, तीन-चार टकटक. आधी भरीव 'ठक' येतो, मग एकदम पोकळ आवाज येतो. म्हणजे पदर सुटला. दोन्ही भाकऱ्या उघडून बघायच्या. बहुतेक वेळा आत काहीच नसतं.

दहाव्या मिनिटाला लेक ओरडला, "बाबा, नेचं!" खरंच नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजोबांनी हसून मान हलवली. ते झाड नसतंच, भेगेतून झिरपलेलं मँगनीज असतं. त्यानंतर तीन तासांत साकोकोमा सापडले, पाण्यात तरंगणाऱ्या समुद्रलिलीचे नखाएवढे अवशेष. ते इथं शेंगदाण्यासारखे मिळतात. बाकी हाताला फोड.

पण धागा काढला तो घरी येऊन वाचत बसलो त्यामुळे. या झोल्नहोफेन परिसरातल्या १५ कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांतून टेरोसॉर म्हणजे उडणारे सरीसृप शेकड्यांनी निघालेत. बहुतेक मासे खाणारे, लांब तोंडाचे. त्या गर्दीत एक अगदीच वेगळं ध्यान आहे, अनुरोग्नॅथस. १९२३ साली लुडविग डोडरलाइन यांनी त्याचं वर्णन केलं. सांगाडा फॉन अम्मोन या बव्हेरियन भूवैज्ञानिकाच्या संग्रहातला, म्हणून पूर्ण नाव अनुरोग्नॅथस अम्मोनी. अनुरा म्हणजे बिनशेपट्यांचा, अर्थात बेडकांचा गण. ग्नॅथस म्हणजे जबडा. मराठीत बेडूकतोंड्या.

डोक्यासकट अंग जेमतेम ९ सेंटिमीटर. पंख पसरले तर अर्ध्या मीटरच्या आसपास. मार्क विटन यांनी २००८ साली ३५ सेंटिमीटर पंखविस्ताराच्या नमुन्याचं वजन काढलं ते ४० ग्रॅम. अंगणातल्या लालबुड्या बुलबुलाइतकं. टेरोसॉर म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांपुढे माणूस उचलून नेणारा राक्षस येतो, त्यांना हे आधी सांगावंसं वाटतं.

तोंड मात्र बघा. डोकं लांबीपेक्षा रुंदच जास्त. दात थोडे, विरळ, टाचणीसारखे. मासा धरायला हे दात कुचकामाचे. पण उडता किडा तोंडात आला की तो निसटू नये, एवढ्यापुरते उत्तम. म्हणजे हा गडी पाण्यावर नाही, हवेत जेवायचा.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. पहिला सांगाडा चेपलेला, कवटीचा चुराडा. त्या कवटीत पुढच्या बाजूला एक मोठी पोकळी दिसत होती. इतर टेरोसॉरांना डोळ्याच्या पुढे अशी पोकळी असते, म्हणून चित्रकार इथंही ती तशीच काढत राहिले आणि डोळा बिचारा मागच्या कोपऱ्यात ढकलला गेला. पुढे एक लहान, बहुधा पूर्ण वाढ न झालेला नमुना मिळाला. ख्रिस बेनेट यांनी २००७ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात डोळ्याभोवतीचं हाडांचं कडं जागच्या जागी होतं. ती 'पोकळी' म्हणजेच डोळा! कवटीचा बहुतेक भाग डोळ्यांनीच व्यापलेला, आणि दोन्ही थोडे पुढे रोखलेले. ऐंशी-एक वर्षं आपण त्याला भलत्याच तोंडाचा समजत होतो.

एवढे डोळे, एवढं तोंड, आखूड शेपूट, लांब पंख. मला तरी तिन्हीसांजेला झाडांमधून सुळकन वळणारं काहीतरी दिसतं. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेन तर कान धरावा.

अदितीची_आई

मस्त लिहिलंय! आमच्याकडेही हाच ताप आहे, वय ६. एक बाळबोध प्रश्न: हा डायनासोरच ना?

छिन्नीवाला

नाही हो ताई, आणि हे मला लेकाने दिवसातून तीनदा ऐकवलंय. टेरोसॉर आणि डायनासोर ही चुलत घराणी, पूर्वज एक पण वाटण्या लवकर झालेल्या. पक्षी डायनासोरांच्या घरातले. टेरोसॉरांचं घर ६.६ कोटी वर्षांपूर्वी बसलं, मागे वारस कुणी नाही.

पानगळ

वर्णन वाचताना मला सारखा रातवा दिसत होता. रात्री घाटातल्या रस्त्यावर गाडीच्या उजेडात अंगाराचे दोन ठिपके चमकतात, जवळ गेलं की भुर्रकन उडतो, तोच. एरवी त्याची चोच एवढीशी वाटते, पण जबडा उघडला की कानापर्यंत फाटतो. तोंडाभोवती राठ केस. उडता उडता पतंग, भुंगेरे गट्टम.

आणि बेडूकतोंड्या नावाचा पक्षी खरंच आहे आपल्याकडे! श्रीलंकन बेडूकमुखी, सह्याद्रीच्या दक्षिण भागात, गोव्यातल्या मोलेच्या जंगलातही. दिवसभर फांदीवर वाळक्या पानांच्या झुबक्यासारखा बसतो. आम्ही एकदा चार फुटांवर उभं राहून पाच मिनिटं त्याला शोधत होतो. वाटाड्या बोट दाखवतोय, आम्ही पानंच बघतोय. शेवटी एक 'पान' डोळा किलकिला करून आमच्याकडे बघायला लागलं.

छिन्नीवाला

पानगळ, क्या बात है! अभ्यासकही रातव्याचंच उदाहरण देतात. अनुरोग्नॅथसच्या तोंडाभोवतीही तसेच राठ केस असावेत असा अंदाज मांडला गेलाय. टेरोसॉरांच्या अंगावर लव असायची, उघडे चामडी नव्हते ते. त्याच्याच कुळातला जेहोलॉप्टेरस, चीनच्या इनर मंगोलिया प्रांतात सापडलेला, २००२ साली नाव दिलेला, त्याच्या अंगाभोवती दगडात लवेचा ठसा स्पष्ट दिसतो.

शंकेखोर

लेख छान, पण दोन खोड्या काढतो.

एक, ४० ग्रॅम हा आकडा तराजूतून तर आला नाही. चेपलेल्या हाडांवरून वजन कसं काढलं?

दोन, मोठे डोळे म्हणजे रात्रीचा प्राणी, हे फार सरळसोट झालं. ससाण्याचेही डोळे मोठे असतात, तो भर दुपारी शिकार करतो.

छिन्नीवाला

पहिल्याचं उत्तर: पक्ष्यांमध्ये सांगाड्याचं वजन आणि एकूण वजन यांचं एक नातं असतं, ते वापरून विटननी गणित केलं. अंदाजच आहे. दुसऱ्या कुणी दुसरी रीत वापरली तर आकडा हलेल, पण बुलबुलाची घार होणार नाही.

दुसऱ्याबाबत खोडी मान्य. नुसत्या आकारावरून ठरत नाहीच. डोळ्याभोवतीच्या हाडाच्या कड्याचा आतला आणि बाहेरचा व्यास, आणि खोबणीची लांबी, यावरून बाहुली किती उजेड आत घ्यायची ते ताडता येतं. श्मिट्झ आणि मोतानी या दोघांनी २०११ मध्ये असं केलं. याच खाणींतल्या टेरोसॉरांपैकी ऱ्हाम्फोरिंकस रात्रीचा निघाला आणि टेरोडॅक्टिलस दिवसाचा. एकाच पाण्यावर दोन पाळ्या! अनुरोग्नॅथसची तिन्हीसांज मात्र मी तोंड, डोळे आणि रातव्याकडे बघून लावलेली आहे. तिला अंदाजच म्हणा.

गंमतजंमत

एक दिवसपाळी, एक रातपाळी, आणि हा मधल्या वेळचा. कारखानाच झाला की.

पतंगबाज

पंखांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. हाताची तीन बोटं साधी, नखांची. चौथं बोट इतकं लांब की पंखाची पुढची कड बहुतेक तेच धरतं. आपल्या करंगळीच्या शेजारचं बोट कोपरापासून हातापेक्षा लांब झालंय अशी कल्पना करा. त्या बोटापासून मांडीपर्यंत किंवा घोट्यापर्यंत पडदा. म्हणजे पतंगाला एकच कामटी आणि तीही एका कडेला. असा पतंग मी बनवला तर फडफडून फाटेल. म्हणून पडद्याच्या आत बारीक ताठ तंतूंचे थर असत. जेहोलॉप्टेरसच्या पंखात ते एकावर एक, वेगवेगळ्या दिशांना गेलेले दिसतात. प्लायवूडचा हिशेब. वटवाघळाच्या पंखात अख्खी छत्री असते, चार बोटांच्या काड्या. यांनी एका काडीवर भागवलं.

आणि मनगटापाशी एक आगाऊ हाड, टेरॉइड. दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला नाही. खांदा आणि मनगट यांच्यामध्ये पुढे छोटा पडदा असायचा तो हे हाड वर-खाली करायचं. विमान उतरताना पंखाच्या पुढची पट्टी खाली येते ना, तसं. जागच्या जागी वळून किडा पकडणाऱ्याला हे सोन्यासारखं.

मालवणी_खाजा

आमच्या बागेत उडतो सरडो आसा. सुपारीच्या झाडावरसून सुटता तो थेट दुसऱ्या झाडाक. तो ह्याचो कोण लागता?

पतंगबाज

कोणीच नाही लागत, खाजासाहेब. तुमचा उडता सरडा बरगड्या पसरून घरंगळतो, वरून खाली. हा पंख मारून खालून वर जायचा. उडायची अक्कल पाठीचा कणा असलेल्यांपैकी पहिल्यांदा टेरोसॉरांना आली, पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या खूप आधी.

अदितीची_आई

मग जमिनीवर उतरल्यावर? एवढं लांब बोट घेऊन चालायचं कसं?

पतंगबाज

दुमडून, वर उभं धरून. चारी पायांवर चालायचे. फ्रान्समध्ये क्रेसाकला खाडीच्या चिखलात उमटलेली त्यांची पावलं आहेत, हाताचे ठसे आणि पायाचे ठसे वेगवेगळे ओळखता येतात. उड्डाणही हातांच्या जोरावर घेत असावेत, असं मायकल हबीब यांनी २००८ मध्ये मांडलं. रक्त पिणारं वटवाघूळ जमिनीवरून उसळतं तसं. पक्षी पायाने उडी मारतो, हे हाताने. दंडाची हाडं मांडीच्या हाडांहून भक्कम का, त्याचं उत्तर त्यातून मिळतं.

शिळाछाप

मी इथे नेहमी फक्त वाचते. पण झोल्नहोफेन नाव वाचून राहवेना.

माझे आजोबा गिरगावात एका छापखान्यात शिळेवर काम करायचे. चित्रं, लेबलं, पत्रिका. दगडावर तेलकट शाईने उलटं लिहायचं, मग डिंक-आम्लाचा हात, मग पाणी. तेलकट जागी शाई धरते, ओल्या जागी धरत नाही. आजोबा उलटी देवनागरी सुलटीपेक्षा झरझर लिहायचे. दगड जर्मनीचा, हे शब्द लहानपणी इतके ऐकलेत! छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने पगाराच्या थकबाकीत एक शिळा दिली म्हणे. ती आमच्याकडे अजून आहे. आई तिच्यावर पापड लाटायची. लिंबू मात्र जवळ आणू द्यायची नाही. रस पडला की फसफसून डाग पडतो.

तो हाच दगड का?

छिन्नीवाला

मावशी, तुमच्या प्रतिसादाने धाग्याचं सार्थक झालं. हाच असण्याची दाट शक्यता. आलोइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास म्युनिकमध्ये शिळाछाप शोधला तो या भागातल्या चुनखडीवर. त्याने स्वतः सांगितलेली गोष्ट अशी की आईने धोब्याकडच्या कपड्यांची यादी लिहायला सांगितली, हाताशी कागद नव्हता, म्हणून दगडावर लिहिली. पुढे जगभरच्या छापखान्यांना हाच दगड हवा झाला. आपल्याकडे गणपत कृष्णाजींचं १८३१ चं पंचांग शिळाछापावरचं, आणि राजा रविवर्म्यांच्या मुंबईत १८९४ साली सुरू झालेल्या छापखान्यासाठी यंत्रं आणि कारागीर जर्मनीहून आले होते.

आता गंमत बघा. दगडात भेग, डाग, खडा नको म्हणून खाणमजूर प्रत्येक लादी हाताने फोडून निरखायचे. म्हणून तर इतके नाजूक जीवाश्म नजरेला पडले. रस्त्याच्या खडीसाठी सुरुंग लावला असता तर ९ सेंटिमीटरचा अनुरोग्नॅथस कुणाला दिसला असता? इथल्या सुप्रसिद्ध आद्यपक्ष्याचं १८६१ सालचं नावच आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका आहे. म्हणजे शिळाछापी!

सिरोंचाकर

जर्मनीचं कौतुक चालू द्या, पण आमचं गडचिरोलीही ऐका जरा. सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा गाव आहे. तिथली चुनखडीसुद्धा जुरासिक काळातली, माशांच्या जीवाश्मांसाठी इंग्रजांच्या काळापासून नावाजलेली. त्याच थरांतल्या काही तुकड्यांचं सोहनलाल जैन यांनी १९७४ साली टेरोसॉरचे म्हणून वर्णन केलं आणि नाव दिलं कँपिलोग्नॅथॉइड्स इंडिकस. आता तुकडे अगदीच थोडे, आणि पुढच्या तज्ज्ञांनी ते नाव काही मान्य केलं नाही. पण कँपिलोग्नॅथॉइड्स हा मूळचा जर्मनीतल्याच होल्झमाडेनचा, हे बघा. आमच्याकडे माणसं शाळेत जाताना जीवाश्मावरून चालत जातात नं, फक्त कुणी सांगत नाही. वडधमला जीवाश्म उद्यान आहे, या कधी.

शंकेखोर

सिरोंचाकर, नोंद घेतली. छिन्नीवाला, अजून एक. शेकड्यांनी टेरोसॉर निघाले म्हणता, मग अनुरोग्नॅथसचे दोनच धड सांगाडे का?

छिन्नीवाला

कारण तो पाण्यावरचा नव्हता. तेव्हा इथं उष्ण, उथळ समुद्र होता, मधे बेटं, प्रवाळांच्या आडोशाला साचलेलं पाणी. तळाचं पाणी इतकं खारट आणि प्राणवायू नसलेलं की मेलेलं खायलाही कुणी खाली जायचं नाही. वरून बारीक चुन्याचा गाळ बसत राहायचा. त्यात पडला तो टिकला. पाण्यावर पोट भरणारे सतत पडत राहिले. ऱ्हाम्फोरिंकसचा एक नमुना तर वाचूनच दचकलो: घशात नुकताच गिळलेला छोटा मासा, आणि त्याच्या डाव्या पंखाच्या पडद्यात एका मोठ्या अस्पिडोरिंकस माशाचे दात अडकलेले. दोघेही सुटू शकले नाहीत, जोडीने तळाला गेले. किडे खाणारा अनुरोग्नॅथस बेटांवरच्या झाडीत राहणारा, तो वारा-वादळातच चुकून पाण्यावर आला असणार.

वादळाचं म्हणाल तर त्याचा पुरावाही आहे. २०२५ मध्ये लेस्टर विद्यापीठातल्या मंडळींनी टेरोडॅक्टिलसची दोन पिल्लं अभ्यासली. पंखविस्तार २० सेंटिमीटरहूनही कमी, जन्मून काही दिवस-आठवडे झालेली. एकाचा डावा दंड मोडलेला, दुसऱ्याचा उजवा, आणि दोन्ही मोड तिरपे, पिरगळल्यासारखे. आपटून असं मोडत नाही. वाऱ्याच्या झोतात पंख मुरगळला, पिल्लू पाण्यात पडलं. त्यांना नावं ठेवलीत लकी आणि लकी-दोन. हे नाव ठेवणाऱ्याच्या विनोदाला दाद द्यावी की नाही, ठरत नाही.

यातून एक निघतं. एवढी तान्ही पिल्लंही उडत होती. घरट्यात चोच वासून बसणारी नव्हती.

अदितीची_आई

पिल्लांचं वाचून पोटात कालवलं. १५ कोटी वर्षं झाली तरी.

शंकेखोर

लवेबद्दल मीच थोडं वाचून आलो. २०१८ मध्ये चीनमधल्या, अनुरोग्नॅथसच्याच कुळातल्या दोन टेरोसॉरांवर चार प्रकारची लव असल्याचं आणि काही धागे फांद्या फुटलेले असल्याचं प्रसिद्ध झालं, म्हणजे पिसांच्या नात्यातलं काहीतरी. २०२० मध्ये अन्विन आणि मार्टिल म्हणाले, छे, ते पंखातलेच तंतू विस्कटलेत. मग २०२२ मध्ये ब्राझीलच्या टुपंडॅक्टिलस या टेरोसॉरच्या तुऱ्यावर फांद्यांची पिसंच दाखवली गेली, रंगकणांसकट. अजून दोन्ही बाजू हट्टाला पेटल्यात. माझं मत पिसांकडे झुकतंय, हे कबूल करताना त्रास होतोय.

गंमतजंमत

शंकेखोर मत बदलताना रंगे हाथ सापडले. जीवाश्म करून ठेवा.

शिळाछाप

आज नातवाला हाताशी घेऊन शिळा उलटी केली. उचलताना माझी पाठ धरली ती वेगळीच. कडेने पदर दिसतात, तुम्ही म्हणता तसेच चिरोट्यासारखे. किडा नाही, पाखरू नाही, ते नखाएवढं साकोकोमा की काय तेही नाही. नातू खट्टू झाला.

मग पापडाची बाजू ओल्या फडक्याने पुसली. इतकी वर्षं पुसतेय, पण आज खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरली म्हणून दिसलं. फिकट करड्या रेघा, पाणी सुकलं की जातात. नातवाने आरसा आणला. आरशात वाचलं तर "शुद्ध केशर", खाली अर्धा मोर, आणि कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढं आजोबांचं अक्षर. त्यांचा 'ळ' तसाच, पोट फुगलेला.

छिन्नीवाला

मावशी, फोटो! तिरप्या उजेडातलाच टाका. आणि आता त्यावर पापड लाटू नका.

शिळाछाप

उन्हाळ्याचे उडीद भिजवलेत की रे.